सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीनंतर काय?

विट्याहून एका ताईंनी विचारलंय: मुलगी सातवीत आहे. मोबाईलवर बघून तिने खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, तोही चार वेळा. आता ती म्हणते, "आई, पुढचं सांग." फार खर्च न करता, रोजच्या जगण्याशी नातं असलेले रसायनशास्त्राचे प्रयोग घरी करता येतील का? त्यात धोका किती? शिवाय घरात बोअरचं पाणी, त्यामुळे गिझरची कॉईल सारखी पांढरी पडते, त्यावरही काही करता येईल का?

ताई, मी सांगलीत एकतीस वर्षं आठवी ते दहावीला रसायनशास्त्र शिकवलं. बहुतेक वर्षं प्रयोगशाळेत सामान अपुरं असायचं, त्यामुळे यातलं जवळजवळ सगळं मी स्वयंपाकघर, देवघर आणि शेतातल्या शेडमधून उचलून वर्गात नेलेलं आहे.

तुमच्या मुलीने ज्वालामुखी चार वेळा केला आणि चारही वेळा तेच दिसलं, कारण तिच्याकडे प्रश्नच नव्हता. फेस येणं हे बघणं झालं. प्रयोग त्याच्या पुढे सुरू होतो. माझ्या वर्गात एकच नियम असायचा: पेले नेहमी दोन. एकात बदल करायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्या दुसऱ्या पेल्याला मुलं 'साक्षीदार' म्हणायची. साक्षीदार नसेल तर "बदल झाला" म्हणायला आधारच उरत नाही. खाली जे सांगतोय त्या प्रत्येक ठिकाणी हा साक्षीदार शोधा.

ज्वालामुखी टाकून देऊ नका, तिथूनच सुरुवात करा. एक खोल पातेलं घ्या. त्यात वेगवेगळ्या उंचीच्या तीन मेणबत्त्या उभ्या करून पेटवा. तळाशी सोडा पसरा आणि कडेने हळूहळू व्हिनेगर सोडा. सगळ्यात बुटकी मेणबत्ती आधी विझेल, मग मधली, मग उंच. सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा तळातून भरत वर येतो. आता सोडा-व्हिनेगर बाजूला ठेवा. त्याच तीन मेणबत्त्या ताटलीत उभ्या करून पेटवा आणि वरून काचेची मोठी बरणी उपडी घाला. या वेळी बहुधा उंच मेणबत्ती आधी विझते! वायू तोच, मग उलटं का झालं? ज्योतीतून निघालेला वायू गरम असतो, म्हणून तो आधी बरणीच्या छताशी गोळा होतो. हे उत्तर मुलीला लगेच सांगू नका. दोन दिवस विचार करू द्या.

आणि मग तिला हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगा. सांगलीजवळ हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवत आले. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, दिवा आत सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणूस खाली. बंद पेवात ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. पातेल्यातली बुटकी मेणबत्ती म्हणजे पेवात उतरणारा माणूस. जुन्या विहिरीत किंवा टाकीत दम कोंडून माणसं जातात त्यामागचं एक मोठं कारणही तेच. हे ज्या मुलीने पातेल्यात पाहिलंय ती मोठेपणी कोणाला बंद टाकीत असं उतरू देणार नाही.

हळदीकडे वळतो, कारण सांगलीच्या मुलांनी रसायनशास्त्र हळदीपासून सुरू करावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचा पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन, आणि या रंगात एक फार सोयीचा गुण आहे. क्षार (पाठ्यपुस्तकात ज्याला आम्लारी म्हणतात तो) भेटला की तो लालसर तपकिरी होतो. शर्टावर भाजीचा डाग पडला, त्यावर साबण लावला आणि डाग लाल झाला, हे प्रत्येक घरात घडलेलं असतं. तोच प्रयोग नीट करायचा.

चमचाभर हळद चार चमचे पातळ सॅनिटायझरमध्ये ढवळा. पाण्यात नको, कुर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये छान उतरतं. हेही आधी दोन पेल्यांत करून पाहण्यासारखं आहे. सॅनिटायझर पेट घेतो, म्हणून गॅसपासून लांब बसा. वरचं पिवळं पाणी टिपकागदावर लावा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. मग एकेका पट्टीवर एकेक थेंब: साबणाचं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पानाचा चुना, चुलीतल्या राखेचं पाणी, लिंबू, चिंचेचा कोळ, ताकाची निवळ, आणि साक्षीदार म्हणून साधं पाणी. चुना आणि धुण्याचा सोडा गडद लाल करतील. खायच्या सोड्याने जेमतेम नारिंगी झाक येईल, कारण तो सौम्य आहे. लाल पट्टीवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून कुंकू बनवायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे.

इथे एक अडचण येईल आणि ती यायलाच हवी. लिंबाची पट्टी आणि साध्या पाण्याची पट्टी दोन्ही पिवळ्याच राहतात. म्हणजे हळद क्षार ओळखते, आम्ल ओळखत नाही. मग दुसरा सूचक, म्हणजे रंग बदलून ओळख सांगणारा पदार्थ, हवा. अंगणातली लाल जास्वंद तोडा, पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी आम्लात गडद गुलाबी आणि क्षारात हिरवं होतं. गोकर्णाची निळी फुलं मिळाली तर त्याहून सुंदर. दोन सूचक शेजारी ठेवले की घरातल्या कुठल्याही पातळ पदार्थाची तीन गटांत वाटणी करता येते. मुलीला वहीत तीन रकाने आखायला सांगा. आणि चव घेऊन आम्ल-क्षार ओळखायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

हळदीचा दुसरा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. पांढरं सुती कापड हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा आणि दोन तुकडे करा. एक कपाटात अंधारात, तो साक्षीदार. दुसऱ्यावर मधोमध एक नाणं किंवा फॉईलची चकती ठेवून गच्चीवर भर उन्हात. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात दोन-तीन तासांत फरक दिसू लागतो. संध्याकाळी नाणं उचला, खाली पिवळं वर्तुळ आणि भोवती फिकट कापड. प्रकाशाने कुर्क्युमिनचे रेणू तुटतात. आजी डाग पडलेला कपडा धुऊन उन्हातच का घालायची, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या बोअरच्या पाण्याकडे येतो. हा विषय मी जरा लांबवणार आहे, कारण खानापूर, आटपाडी, जत या बाजूच्या घराघरांत तो रोज समोर येतो.

आधी चुन्याची निवळी करा. पानाचा चुना चमचाभर, अर्धा लिटर पाणी, नीट हलवून झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओता. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमपेक्षाही कमी, पण तेवढा पुरतो. शाळेत या निवळीत नळीने फुंकायला लावतात. फुंकलं की ती दुधाळ होते, पण मुलांना चक्कर येते, आणि कोणीतरी चुकून ओढतं. मी त्याऐवजी साधा सोडा वापरतो, टपरीवर मिळतो तो, साखर नसलेला. निवळीत तो चमच्या-चमच्याने घाला. पहिल्या काही चमच्यांना दुधाळ होईल: कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं, म्हणजे खडूचाच भाऊ. घालत राहा. दुधाळपणा हळूहळू जाऊन पाणी पुन्हा नितळ होईल! कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आणि न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालं.

हे नितळ दिसणारं पाणी म्हणजे तुमच्या बोअरच्या पाण्याची घरी केलेली नक्कल. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि माती आणि खडकातलं कॅल्शियम असंच विरघळवून आणतं. आता हे पाणी तुम्ही स्वतः छोट्या पातेल्यात उकळा. वायू निघून जाईल आणि पाणी पुन्हा गढूळ पांढरं होईल. गिझरच्या कॉईलवर बसतो तो हाच थर. त्या गढूळ पाण्यात गार झाल्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येऊन ते परत नितळ. म्हणून किटलीतला पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने निघतो. किटलीचं हे घरी करा. कॉईल मात्र वायरमनकडून वीज बंद करून काढून घ्या, गिझर उघडणं मुलांचं काम नाही.

मग मोजमाप. असं कॅल्शियम विरघळलेल्या पाण्याला कठीण पाणी म्हणतात, आणि पाणी जितकं कठीण तितका फेसाला साबण जास्त लागतो. अंघोळीच्या साबणाचा कीस पावसाच्या साठवलेल्या पाण्यात, किंवा एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात, विरघळवून घ्या. कपड्यांची पावडर चालणार नाही, ती कठीण पाण्यातही फेस करते. सारख्या चार बाटल्यांत मोजून अर्धा-अर्धा पेला पाणी: एकात बोअर, एकात विहीर, एकात टेंभू योजनेच्या पाटाचं, आणि साक्षीदार म्हणून पावसाचं. प्रत्येकीत ड्रॉपरने साबणाचे पाच-पाच थेंब घालून बूच लावून हलवायचं. एक मिनिटभर टिकणारा फेस आला की थेंबांची बेरीज लिहायची. पावसाच्या पाण्याला थोडेच थेंब पुरतील. बोअरला किती लागतात ते तिलाच मोजू द्या. त्यानंतर बोअरचंच पाणी उकळून, गार करून, फडक्यातून गाळून पुन्हा मोजा. आकडा जेवढा खाली आला तेवढं काठिण्य उकळण्याने जाणारं होतं. उरलेलं सल्फेट आणि क्लोराइडमुळे असतं, ते उकळून जात नाही. त्यासाठी थोडा धुण्याचा सोडा घालून पाहा. टेंभू योजना कृष्णेचं पाणी उचलून तुमच्या भागात आणते, म्हणजे नदीचं आणि खडकातलं अशी दोन्ही पाणी विट्याच्या मुलीच्या ओट्यावर शेजारी ठेवता येतात. आम्हा सांगलीकरांना एवढी सोय नाही.

पाण्यावरूनच तुरटी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पूर ओसरल्यावर घरोघरी गढूळ पाणी, आणि कित्येक जण तुरटी फिरवून ते पिण्याच्या तयारीत. तेव्हा गल्लीतल्या मुलांना घेऊन मी दोन बाटल्यांचा प्रयोग केला होता. ओढ्याचं गढूळ पाणी दोन सारख्या बाटल्यांत घ्या. एकीत चिमूटभर तुरटीची पूड घालून ढवळा, दुसरी तशीच. तुरटीतलं अॅल्युमिनियम पाण्यात कापसासारखे गोळे तयार करतं. मातीचे बारीक कण एकमेकांना ढकलत तरंगत असतात, ते या गोळ्यांना चिकटून खाली बसतात. अर्ध्या तासात फरक दिसतो, साक्षीदार बाटली दिवसभर गढूळ राहते. पण प्रयोग तिथे थांबवू नका. मुलीला स्पष्ट सांगा की स्वच्छ दिसणारं पाणी जंतूंपासून सुरक्षित झालेलं नाही, ते उकळायलाच हवं किंवा त्यात क्लोरीनचं औषध हवं. हे मी त्या वेळी घसा बसेपर्यंत सांगत होतो, आजही सांगतो.

बेदाण्याचा प्रयोग द्राक्षांच्या हंगामात करा. तासगावच्या शेडवर द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत कोंडून ठेवतो. क्षार आणि तेल मिळून त्या थरातून वाट करून देतात आणि वाळायचे दिवस कमी होतात. घरी कोमट पाण्यात पापडखार आणि तेलाचे दोन-चार थेंब घालून जोरात घुसळा. दहा द्राक्षं त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, दहा साध्या कोमट पाण्यात. दोन ताटल्या एकाच सावलीत, एकाच वाऱ्याला. रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आलेख काढायचा खरा आनंद मुलांना या प्रयोगात मिळतो, कारण दोन रेषा डोळ्यांदेखत एकमेकींपासून फाकत जातात. ही द्राक्षं खायची नाहीत.

बेटाडिनची छोटी बाटली घरात असेलच. त्यातलं आयोडीन पिष्टमय पदार्थावर निळं-काळं होतं. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आणि पिकलेल्या केळ्याच्या चकतीवर एकेक थेंब टाकून पाहा, केळं पिकताना पिठाची साखर कशी होते ते कळेल. दिवाळीत खव्यात पीठ मिसळलंय का, हेही याच थेंबाने तपासता येतं. पण याहून मोठा प्रयोग जीवनसत्त्व क चा. पेलाभर पाण्यात बेटाडिनचे काही थेंब आणि चमचाभर भाताची पातळ पेज घाला, निळं पाणी तयार. ते सारखं मोजून चार वाट्यांत वाटा. एकीत लिंबाचा रस थेंब-थेंब, रंग जाईपर्यंत मोजत. दुसरीत आवळ्याचा, तिसरीत उकळून गार केलेला लिंबाचाच रस, चौथीत साधं पाणी. जीवनसत्त्व क आयोडीनचा रंग घालवतं, त्यामुळे जितके कमी थेंब लागतील तितकं ते जास्त. आवळा लिंबाला किती मागे टाकतो हे पाहून आमच्या वर्गातली मुलं अक्षरशः ओरडायची. उकळलेल्या रसाला ताज्यापेक्षा जास्त थेंब लागले, तर आमटीत लिंबू गॅस बंद केल्यावर का पिळावं ते तिने स्वतः शोधून काढलं म्हणायचं. यातलं काहीही पिऊ नये.

लोखंडी खिळ्यांचा गंज, तांब्याच्या तांब्याला चिंच, चांदीच्या निरांजनाला गरम पाणी, सोडा आणि अॅल्युमिनियम फॉईल, हे सगळं पाठ्यपुस्तकात किंवा इतरत्र सापडेल, तिथूनच घ्या. एक मात्र तुमच्या भागातलं आणि पुस्तकात क्वचित येणारं आहे, ते सांगतो. घरी द्राक्षबाग असेल तर बोर्डो मिश्रण माहीत असेलच: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. १८८५ मध्ये मिलार्डे या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते रोगावर चालतं हे मांडलं. त्याआधी तिकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवायला असंच निळं मिश्रण शिंपडायचे. आपले बागायतदार फवारणीआधी त्यात घासलेला विळा किंवा सळई बुडवून पाहतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, कारण मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते पानं जाळतं. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर ढकलतं, दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. मोरचूद विषारी आहे. हे काम वडिलांनी किंवा काकांनी हातमोजे घालून करावं, मुलीने शेजारी उभं राहून फक्त बघावं आणि लिहावं.

आता धोक्याचं, आणि इथे मी अजिबात सूट देणार नाही. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही, कशासाठीही एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसं जाळतो. सोडा-व्हिनेगर बूच घट्ट लावलेल्या बाटलीत घालायचं नाही, ती फुटते. बॅटरीतलं ॲसिड, कॉस्टिक सोडा, फटाक्यांची दारू यांना हात नाही, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी. चुन्याशी खेळताना चष्मा असावा, डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना.

आणि लेबल. मी एकदा चुन्याची निवळी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवली होती. खेळून आलेल्या भाच्याने ती तोंडाला लावली. घोट तोंडातच होता, थुंकला, चूळ भरली, निभावलं. त्या दिवसापासून प्रयोगाचे पेले, चमचे, बाटल्या वेगळ्या, त्यावर चिकटपट्टी आणि त्यावर नाव व तारीख. खाण्याची भांडी प्रयोगात आली की परत स्वयंपाकात जात नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर ड्रॉपर, टिपकागद, पापडखार, तुरटी, पानाचा चुना, हे सगळं मिळून दोन-तीनशे रुपयांच्या आत बसेल. वही मात्र शंभर पानी घ्या. पहिल्या रविवारी कापड आणि नाणं. ऊन उतरल्यावर ती पुढचा प्रश्न स्वतःच विचारील, बहुधा असा: नाण्याऐवजी खिडकीची काच ठेवली तर रंग उडेल की राहील? उत्तर मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. दुसरा तुकडा अंधारात ठेवायला तेवढं विसरू नका.